पंधराव्या दिवसाची गोळी

"ऊठ. ऊठ तिथनं. अरे, ते स्टूल आधी फिनाइलनं पूस."

पहिले शब्द मला होते. पुढचे कंपाउंडरला. मी उठले. कंपाउंडरनं बादली आणली, फडकं पिळलं आणि मी बसले होते ते स्टूल माझ्यासमोर पुसलं. वरून पुसलं, खालून पुसलं, पाय पुसले. मग डॉक्टरनं बोटानं टेबलाची कड दाखवली. तिथं मी हात टेकला होता. तीही पुसली.

माझ्या अंगात ताप होता. डोळे चिकटत होते. ओठांना चिरा पडलेल्या. माझ्या मागं आमच्या कंपनीचा सुपरवायझर उभा होता. तोच मला कंपनीच्या गाडीतून घेऊन आला होता. आता तो भिंतीला चिकटला होता.

मी एवढंच म्हणाले, "साहेब, तोंडात बघा ना. तोंडात फोड आलेत."

डॉक्टर म्हणाला, "तोंड बंद कर."

हे शब्द मी बदललेले नाहीत. असेच म्हणाला.

मी पेठकडची. डोंगरातली, कोकणा समाजाची. घरी थोडा भात, थोडी नागली. ती संपली की आमची माणसं खाली उतरतात, मिळेल त्या कामाला. माझा नवरा नाशकाजवळ अंबडच्या कारखान्यांत आला, पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला. लग्नानंतर मलाही घेऊन आला. एक खोली, एक नळ, एक मुलगी. बरं चाललं होतं. मग त्याला ताप यायला लागला. जुलाब. टीबी. वर्षभरात चादरीखाली माणूस आहे की नाही हे कळेना. तो गेल्यावर दवाखान्यात माझं रक्त घेतलं. मुलीचंही घेतलं. मुलीत काही निघालं नाही. माझ्यात निघालं.

दिरानं माझी भांडी रस्त्यावर ठेवली. म्हणाला, "तूच खाल्लंस माझ्या भावाला." मी मुलीला पेठला आईकडे सोडलं आणि परत आले. कारण काम अंबडला होतं. प्लास्टिकचे स्विच पॅक करायचे. बायकाच बायका. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायचा, डोक्याला रुमाल बांधायचा आणि ट्रे भरायचे. कुणाला काही सांगितलं नाही. शेजारी अलका बसायची, मखमलाबादकडची. तिच्या घरची भाजी असायची. रोज माझ्या डब्यात टाकायची. मी घास गिळायची आणि मनात म्हणायची, हिला कळलं तर?

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. माझ्या रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या, म्हणून माझं नाव लवकर लागलं.

तिथं समजावून सांगायला एक ताई होत्या. चष्मा, सुती साडी. त्या मला 'तुम्ही' म्हणायच्या. नाशकात मला तोवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. म्हणून त्यांनी दोन डब्या घेतल्या. एकीवर सूर्य काढला, एकीवर चंद्र.

"सकाळच्या डबीतल्या गोळीत तीन औषधं आहेत. संध्याकाळच्या डबीतल्या गोळीत दोनच. पहिले चौदा दिवस असंच. तिसरं औषध जरा कडक आहे, अंगाला त्याची सवय करून द्यावी लागते. पंधराव्या दिवसापासून दोन्ही वेळेला तीनवाली. समजलं?"

"समजलं."

"मग मला सांगा तुम्ही."

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग त्या कडक औषधाचं नाव पाठ करून घेतलं. ने-व्हि-रॅ-पिन. माझी जीभ वळेना. दहा वेळा म्हटलं.

"नाव कशाला पाहिजे ताई?"

"उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात तर सांगता आलं पाहिजे. कुठलंही दुसरं औषध घ्यायच्या आधी, अगदी टीबीचंसुद्धा, ही गोळी चालू आहे हे सांगायचं. आणि अंगावर पुरळ उठली तर मला येऊन दाखवायची. पुरळ असताना गोळी वाढवायची नसते. ताप आला, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, कातडी सुटायला लागली, डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी घ्यायची नाही. त्याच दिवशी इथं यायचं. उद्या नाही. त्याच दिवशी."

आणि शेवटी म्हणाल्या, "एरवी मात्र एकही गोळी चुकवायची नाही. चुकवल्या तर रोग गोळीला ओळखायला लागतो, मग गोळी चालत नाही."

मी मान हलवली. बाहेर आले. मला गोळीची भीती वाटत होती. गोळी चुकायची भीती वाटत होती. कुणी बघेल याची भीती वाटत होती. सकाळी आठला मी कंपनीच्या संडासात जायची, कडी लावायची आणि तोंडात साठवून नेलेल्या पाण्याबरोबर गोळी गिळायची. अलकानं एकदा विचारलं, "रोज याच वेळेला काय गं तुझं?" मी म्हटलं, "पोट साफ होत नाही."

अकराव्या दिवशी दंडावर खाज सुटली. लाल लाल बारीक दाणे. मी म्हटलं, घामोळं असेल. बाराव्या दिवशी छातीवर. शर्टाच्या बाह्या मी मनगटापर्यंत ओढल्या आणि बटणं लावली.

चौदाव्या दिवशी पुढच्या गोळ्या घ्यायला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. रांग लांब होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझ्या पुढं एक माणूस होता, गवंडीकाम करणारा असावा, नखांत चुना. त्यानं खिडकीतल्या क्लार्कला हात दाखवला. म्हणाला, "साहेब, हे उठलंय. डॉक्टरांना दाखवायचं होतं."

क्लार्क मोठ्यानं म्हणाला, "फुकट मिळतंय म्हणून हजार तक्रारी. नको ते धंदे करताना नाही काही उठलं? सहन होत नसेल तर राहू दे. तुझ्या जागी दहाजण थांबलेत."

पाठीमागचे दोघंतिघं हसले. हसणारेही आमच्यातलेच. तेही गोळ्यांनाच आलेले.

त्या माणसानं बाही खाली केली. रांगेतनं बाहेर पडला आणि फाटकाकडे गेला. मी बघत राहिले. मग माझा नंबर आला. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. तुझ्या जागी दहाजण थांबलेत.

आत ताईंच्या टेबलाभोवती गर्दी. त्यांनी विचारलं, "अंगावर पुरळ? खाज? ताप?"

"नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नक्की?"

"नक्की."

शर्टाच्या आत दंड जळत होता. मी हसले पण होते, असं आठवतं. त्यांनी सहीसाठी माझा कागद पुढे सरकवला आणि मला पूर्ण डोसाची डबी मिळाली. पंधराव्या दिवशी सकाळी एक घेतली. संध्याकाळी एक.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. गोळी वाईट नव्हती. ताईंनी सांगायचं ते सगळं सांगितलं होतं. मी खोटं बोलले. आणि मी खोटं का बोलले, तेही लिहिते आहे. त्या खिडकीमुळं.

सतराव्या दिवशी ताप आला. अठराव्या दिवशी सकाळी उठले तर ओठ एकमेकांना चिकटलेले. तोंडात आग. पाणी प्यायले तर डोळ्यांतून पाणी आलं. आरशात डोळे लाल. छातीवरचे दाणे एकमेकांत मिसळून काळपट चट्टे झाले होते. एका चट्ट्यावरून बोट फिरवलं तर कातडी सरकली. उकळून थंड झालेल्या दुधावरची साय सरकते तशी.

आठ वाजले. मी अजून खोलीतच, गोळी तळहातावर.

त्या गोळीकडे मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. एकही चुकवायची नाही. असं झालं तर घ्यायची नाही. दोन्ही त्याच बाईनं सांगितलेलं. घेतली तर मरेन का? नाही घेतली तर मरेन का? विचारायला खोलीत कुणी नव्हतं. पेठला फोन नव्हता. आणि फोन असता तरी आईला मी काय सांगणार होते?

मी गोळी घेतली नाही. डबीत परत टाकली, डबी फडक्यात बांधून शर्टाच्या आत ठेवली. सरळ दवाखान्यात जायला हवं होतं. पण न सांगता खाडा केला की काम जायचं, म्हणून आधी कंपनीत गेले. सुपरवायझर येईपर्यंत ट्रेला हात लावला आणि ट्रे हातातून सुटला. शंभर स्विच जमिनीवर. अलका ओरडली, "हिचं तोंड बघा! हिला काय झालं?"

सुपरवायझर म्हणाला, "सुट्टी अशी मिळत नाही. चल, आपल्या डॉक्टरला दाखव. त्यानं लिहून दिलं तर जा."

कंपनीचा डॉक्टर अंबडमध्येच बसायचा. त्यानं विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? ताईंनी सांगितलं होतं, डॉक्टरपासून लपवायचं नाही. एकदा लपवून काय झालं ते माझ्या अंगावर दिसत होतं. मी फडकं सोडलं, डबी त्याच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "एचआयव्हीच्या."

मग ते स्टूल. ते फिनाइल.

डॉक्टर माझ्याशी बोलेना. सुपरवायझरशी बोलायला लागला. "हिला इथं कशाला आणलंस? माझ्याकडे चांगल्या घरची माणसं येतात. कॅन्टीनमध्ये बसते का ही? पाणी कुठलं पिते?"

सुपरवायझर म्हणाला, "सगळ्यांबरोबरच, साहेब. आम्हाला काय माहीत!"

मी म्हटलं, "मी हिथंच उभी हाय. मला विचारा." घाबरले की माझ्या तोंडून गावचीच बोली येते.

तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. "सकाळची गोळी घेतलीस का?"

"नाही."

"बघ," तो सुपरवायझरला म्हणाला, "फुकट औषध मिळतं, तेही यांना वेळेवर घेता येत नाही. पुरळ सगळ्यांनाच येते. मलम लिहून देतो. आणि तू ती गोळी आत्ता घे. माझ्यासमोर."

त्यानं चिठ्ठी लिहिली आणि टेबलावरून माझ्या बाजूला ढकलली. माझा हात बघितला नाही. तोंड बघितलं नाही. डोळे बघितले नाहीत.

कंपाउंडरनं कागदी कपात पाणी दिलं. कप हातात दिला नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

मी डबी उघडली. गोळी काढली. मला खरं सांगायचं आहे. मी ती तोंडापर्यंत नेली होती. तो डॉक्टर होता. भिंतीवर त्याची काचेतली सर्टिफिकिटं होती. मी चौथी पास. मागं सुपरवायझर म्हणत होता, "घे ना गं, साहेब सांगताहेत तर." जन्मभर कुणी साहेब सांगेल ते मी केलं होतं. माझ्या बापानं केलं होतं. नवऱ्यानं केलं होतं. ओठाला गोळी लागली आणि ओठ भाजल्यासारखा झाला.

मी हात खाली केला.

"साहेब, या गोळीचं नाव काय?"

"काय?"

"नाव सांगा. मग घेते."

"मला शिकवतेस का तू?"

डबी त्याच्यासमोरच होती. डबीच्या लेबलवर नाव छापलेलं होतं. पण ते वाचायला डबी हातात घ्यावी लागली असती. तो हात लावेना. मान वाकडी करून लांबूनच बघायला लागला. मला त्याक्षणी सगळं दिसलं. हा मला घाबरतो. माझ्या डबीलासुद्धा घाबरतो. आणि मला जे ठाऊक आहे ते याला ठाऊक नाही.

मी म्हटलं, "नेव्हिरॅपिन. तोंडात फोड आले, ताप आला, तर ही घ्यायची नसते. मी घेणार नाही."

डबी उचलली. चिठ्ठी तिथंच ठेवली. सुपरवायझर म्हणाला, "आता परत कंपनीत येऊ नको. गाडीतही बसू नको."

मी चालत रस्त्यापर्यंत आले. शेअर रिक्षात बसले, पदर तोंडावर घेऊन. अंग शेकत होतं. शेजारच्या बाईला धक्का लागू नये म्हणून एका मांडीवर बसले होते. आणि अख्खा रस्ता वाटत होतं, आपण चुकलो. डॉक्टरपेक्षा आपल्याला जास्त कळतं का? आठची गोळी गेली. आता रोग गोळीला ओळखेल. आपणच आपल्या हातानं मेलो. मुलीची फी, वह्या, फ्रॉक काही डोळ्यांपुढं आलं नाही. फक्त तिचा चेहरा यायचा आणि जायचा.

दवाखान्यात पोचले तेव्हा क्लार्क खिडकी लावत होता. "वेळ संपली. उद्या ये."

मी खिडकीच्या फळीखाली हात घातला. "उद्या नाही. आज."

"बाई, हात काढ, चेमटेल."

"चेमटू दे."

आवाज ऐकून ताई बाहेर आल्या. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हाताला धरून त्यांनी मला आत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी हातमोजे घातले, माझी हनुवटी धरली, बॅटरीनं तोंडात बघितलं. पापण्या उलट्या करून बघितल्या. पोट दाबलं. कित्येक महिन्यांत मला कुणी असं धरलं नव्हतं. मी रडले नाही. रडले असते तर डोळे झोंबले असते.

"शेवटची गोळी कधी घेतली?"

"काल संध्याकाळी."

"आज सकाळची?"

"नाय घेतली. चुकलं का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही. बरोबर केलंत. आता एकही घेऊ नका." आणि शिपायाला म्हणाल्या, "ट्रॉली आण. पळ."

ताईंनी विचारलं, "पुरळ कधीपासून होती?"

"अकराव्या दिवसापासून."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"भ्याले, ताई."

त्या चष्मा काढून पुसत राहिल्या.

किती दिवस मी पडून होते, मला नीट सांगता येणार नाही. पाठीची कातडी चादरीला चिकटायची. डोळे उघडायचे नाहीत, सिस्टर थेंब टाकून पापण्या सोडवायच्या. आंधळी झाले असं धरूनच चालले होते. मी मनात म्हणायची, दिसलं नाही तर ट्रे कसे भरू? मग आठवायचं, ट्रे आता नाहीतच. कॉटवर माझ्या रोगाचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं होतं. जेवण वाढणारा ताट दारात ठेवून जायचा. ते ताट ताई रोज उचलून आणायच्या.

थोडं दिसायला लागलं तेव्हा मी त्यांना त्या गवंड्याबद्दल विचारलं. रांगेतनं निघून गेला तो. त्यांनी त्या दिवसाचं रजिस्टर बघितलं. तो परत आलाच नव्हता. दवाखान्याचा एक माणूस त्याच्या पत्त्यावर जाऊन आला. खोलीला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, आजारी होता, गावी नेलं. कुठलं गाव, कुणाला माहीत नव्हतं. त्याचं पुढं काय झालं मला आजही ठाऊक नाही.

अंग भरून आल्यावर दुसरी गोळी सुरू झाली. इफॅव्हिरेन्झ असलेली. झोपताना घ्यायची. पहिले काही दिवस चक्कर येते, वेडीवाकडी स्वप्नं पडतात, हे आधी सांगितलेलं होतं. पडली. मी घाबरले, पण ताईंना जाऊन सगळी स्वप्नं सांगितली, एकही लपवलं नाही. डॉक्टरबाईंनी माझ्या दवाखान्याच्या वहीवर लाल पेनानं लिहिलं आणि मला वाचायला लावलं. "नेव्हिरॅपिन हिला पुन्हा कधीही द्यायचं नाही." मी अक्षर अक्षर लावून वाचलं.

दीड महिन्यानं काम मागायला कंपनीत गेले. सुपरवायझरनं फाटकावरच थांबवलं. हातात टाइप केलेला कागद होता.

"सही कर. घरगुती कारणामुळं स्वखुशीनं काम सोडते, असं आहे. चांगल्यासाठी सांगतोय. तुझंच नाव झाकलं जाईल."

मी कागद घेतला. वाचायला वेळ लागला. शिफ्ट सुटत होती, बायका बाहेर येत होत्या. अलका होती त्यात. तिनं मला बघितलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"यातलं एकही अक्षर खरं नाही," मी म्हणाले. "काढायचं तर तुम्ही काढा. आणि का काढलं, ते लिहा."

"हळू बोल. सगळ्यांना कळेल."

"तुम्ही सगळ्यांना सांगून बसलात. मी तेवढी सांगायची राहिले." मग मी बायकांकडे तोंड केलं. "मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला. माझ्या डब्यानं, पाण्यानं, हातानं कुणाला होत नाही. अलका, तुला काही झालेलं नाही. तुझी भीती जात नसेल तर रक्त तपासून घे, मी येते बरोबर."

अलकानं पाठ फिरवली. ती चालायला लागली. बाकीच्याही चालायला लागल्या. वॉचमननं फाटक लावलं. कागद मी सही न करता सुपरवायझरच्या खिशात खोचला. काम गेलं ते गेलंच.

त्याच आठवड्यात पेठला गेले आणि आईला, मुलीला समोर बसवून रोगाचं नाव सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली. मुलीनं विचारलं, "तू मरशील का?" मी म्हणाले, "गोळी नीट घेतली तर लवकर नाही." खोटी आशा दाखवायची नव्हती.

भीती गेलेली नाही. रोज गोळी गिळताना येते. नवीन काही अंगावर दिसलं की आधी आरशात तोंड आणि डोळे बघते. पण आता मी तोंड उघडते. गोळ्यांच्या दिवशी दवाखान्यात लवकर जाते आणि रांगेतल्या प्रत्येक नव्या माणसाला विचारते, बाही वर कर, तोंड दाखव, गोळीचं नाव सांग. क्लार्क ओरडतो, "तू कोण डॉक्टर लागून गेलीस?" मी म्हणते, पेशंट. हाकलायचं तर हाकला, मी उद्या परत येईन. माझ्या देखत या रांगेतून कुणीही आपली पुरळ झाकून परत जाणार नाही.